सोर्णमसाठी रडायचं राहिलं

१२ जुलै, मंगळवार

आले एकदाचे! तीन व्हॅन, एक जनरेटर आणि ही एवढी माणसं. पहिल्याच व्हॅनने माझी दारातली रांगोळी चिरडली. ड्रायव्हर म्हणतो, "सॉरी अक्का." सॉरी म्हणे! एकवीस ठिपक्यांची काढली होती मेल्या.

मामा आज सासरे कमी आणि जमीनदार जास्त. कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळभर विभूती, ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. घर सिनेमाला दिलंय. फुकट दिलंय, नाव पडद्यावर येणार एवढ्यावर. डायरेक्टर कदिरवन चेन्नईचा, चष्मा, दाढी, पायात रबरी चप्पल. तो मामांना म्हणाला, "अय्या, घरंदाज बाप आणि त्याची लाडकी लेक, अशी मायेची गोष्ट आहे." मामा विरघळले.

अट एकच घातली. कॉलनीतली, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतली, माणसं कामाला घ्या, पण ओट्यावर चढवायची नाहीत. मागच्या दाराने येतील, मागच्या दाराने जातील. डायरेक्टर म्हणाला, "बरं, अय्या." इतक्या पटकन म्हणाला की मला वाटलं नीट ऐकलं नसेल. ऐकलं होतं.

लाडकी लेक! ह्या घरची लाडकी लेक दहा महिने झाले तिरुप्पूरच्या बनियन कंपनीत शिलाई मारतेय. मला न सांगता गेली. मी तिची वहिनी, तिची वेणी घालायचे, तिला मशीनवर बसवलं ती मी. आणि मी माहेरी असताना ही रातोरात गेली? फोन बंद. "हे" (नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, वहीतसुद्धा नाही) लॉरी घेऊन तिकडे जातात, म्हणतात, "रागावलीय ग. हॉस्टेलच्या दारात उभी राहून बोलते, आत घेत नाही. येईल ताळ्यावर."

रागवायला आम्ही काय केलं? रागवायचं असेल तर तिच्या बापावर रागवावं. आज घरात एकाच्याही तोंडी सोर्णमचं नाव नाही.

१५ जुलै, शुक्रवार

आज हसू का रडू कळेना.

सिनेमातला हीरो कॉलनीतला पोरगा आहे. म्हणजे सिनेमात. खरा कोण्या मोठ्या घरचा, गोरापान, चेहऱ्याला काजळी फासून काळा केलाय. फासलेल्या काजळीसकट ओट्यावर बसून आमच्या पितळी पेल्यात ताडगुळाची कॉफी पितो! मामा स्वतः विचारतात, "तंबी, अजून घे ना." आणि खरी कॉलनीतली लूर्दम्मा, डोक्यावरून पाणी वाहून वाहून मान मोडलेली, मागे गोठ्याजवळ नळीला तोंड लावून पिते. खोटा कॉलनीतला चालतो, खरा नाही. काजळी धुता येते ना, म्हणून.

आणि सिनेमा म्हणे जातीवर आहे! मला त्या सामान लावणाऱ्या मुलीने, यामिनीने, सांगितलं. "कोणाला सांगू नका हं अक्का. शेवटी मुलीला घरचेच मारतात." माझ्या हातातली सुई थांबली. म्हटलं, आणि हे सगळं आमच्या ओट्यावर? ती म्हणाली, "ओटा छान आहे ना तुमचा."

लूर्दम्माने मला मागच्या दारात गाठलं. तिचा मुलगा इन्बराज मोबाईल दुरुस्त करायचा. सोर्णमचं आणि त्याचं जुळल्याचं कळलं तेव्हा आमच्या लोकांनी त्याचं दुकान फोडलं, तो केरळात पळाला. सगळ्या गावाला माहीत आहे. ती खालमानेने विचारते, "अम्मा, सोर्णमचं काही कळलं का? पोराला तिचा फोनच लागत नाही."

मी म्हटलं, "बरी आहे. तिरुप्पूरला आहे."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला राग आला तिचा. माझ्यावर विश्वास नाही की काय हिचा?

१८ जुलै, सोमवार

सिनेमा जातीवर आहे ते मामांना कळलं! आता सगळं सामान रस्त्यावर. मजा येणार आहे.

१९ जुलै, मंगळवार

मजा कसली. कपाळ माझं.

सकाळी भांडणाचा सीन होता. सिनेमातला बाप मुलीवर ओरडतो: जातीचं नाक कापलंस, आता मी गावात तोंड कसं दाखवू, वगैरे. हातात कोयता. आमच्याच घरचा कोयता, धार बोथट करून घेतलेला. मी न्हाणीच्या भिंतीआडून बघत होते. मनात म्हटलं, आता मामा उठतील, डायरेक्टरच्या कानाखाली आवाज काढतील.

मामा उठले. डायरेक्टरकडे गेले. आणि म्हणाले, "तंबी, बाप एवढं बोलत नाही."

"मग अय्या?"

"बोलतो तो मारत नाही. आणि नुसता कोयता काय दाखवता? बापाची बाजू पण दाखवा. त्याच्या जिवाचं काय होतं ते दाखवा. लोकांना वाटतं आम्ही राक्षस. पोर वाढवायला काय लागतं हे ह्या शहरवाल्यांना कळतं का?"

डायरेक्टर वाकून म्हणाला, "नक्की अय्या. तुमचं म्हणणं फार मोलाचं आहे."

मोलाचं! बापाची बाजू! अरे, आणि पोरीची बाजू? तिला तर दोनच वाक्यं दिलीयत, "अप्पा नको" आणि "अप्पा सोडा." हीरॉईन केरळची आहे, तमिळ येत नाही, म्हणून दोनच. बापाला अख्खं पान.

आत्याला म्हटलं, "बघितलंत का?" आत्या शेवग्याचा पाला निवडत होती. मान वर केली नाही. आत्या सख्खी, म्हणून सासू सोपी जाईल असं माझी आई म्हणायची. दगडाला पाझर फुटेल, हिला फुटायचा नाही! पोटची पोर दहा महिने घरात नाही आणि ही पाला निवडतेय.

कॉलनीच्या बायकांना आज जेवण मिळालंच नाही. भात संपला म्हणे. ओट्यावरच्यांना पायसम होतं.

२२ जुलै, शुक्रवार. आडी महिन्यातला पहिला शुक्रवार

लिहिता येत नाहीये. तरी लिहिते. न लिहिलं तर माझं डोकं फुटेल.

आमच्याकडे लग्नाआधी मेलेली घरची पोर घराची कन्नी होते. देवखोलीत ताडाच्या पानांची पेटी, त्यात तिचे नवे कपडे, बांगड्या, कुंकू. आडीत दरवर्षी नवे ठेवायचे, नाहीतर ती कोपते आणि घर खाते. आमची कन्नी पेच्ची, मामांची आत्या. विहिरीत पडली म्हणे. कशी पडली विचारायचं नाही. ह्या गावात घराघरात कन्नी आहे आणि घराघरात ती विहिरीत पडलीय. आधी मारायचं, मग पुजायचं, मग घाबरायचं!

पेटी आत्याच उघडते, कोणाला हात लावू देत नाही. आज ती पीठ दळायला गेली आणि यामिनी मागे लागली. "अक्का, एकदाच दाखवा ना, सिनेमात तशीच करायचीय." मला मंगळवारपासून सगळ्यांचा राग होता. म्हटलं, बघ बाई, बघ, तू तरी बघ.

उघडली. वर पेच्चीचा लाल परकर, लहान पोरीच्या मापाचा.

त्याखाली दुसरा जोड.

पोपटी परकर-ओढणी. मोठ्या मापाच्या काचेच्या बांगड्या. सोर्णमचे हात रुंद, तिला कासाराकडे नेहमी रडू यायचं. आणि चोळी. ती चोळी मी शिवलीय! डावा खांदा उतरता, म्हणून आतून जास्तीची पट्टी घातलेली. दुसऱ्या कोणाला ते बसणारच नाही. मागच्या दिवाळीसाठी शिवली होती. ती गेली तेव्हा मी यांच्याजवळ दिली होती, तिरुप्पूरला दे म्हणून. हे म्हणाले होते, "दिली. खूश झाली."

जिवंत पोरीचे कपडे कन्नीच्या पेटीत ठेवत नाहीत. कोणीही ठेवत नाही. शत्रूच्या पोरीचेसुद्धा ठेवत नाहीत.

यामिनी विचारत होती, "ह्या दोघी बहिणी का, अक्का?" मी पेटी लावली. "हो," म्हटलं.

दहा महिने मी तिच्यावर रुसले होते. माझी सोर्णम.

२३ जुलै, शनिवार

खोबरं खवताना हात कापला. रक्त बघून बरं वाटलं. ह्या घरात काहीतरी दिसायला तरी लागलं.

२४ जुलै, रविवार

हे लॉरी लावून दुपारी आले. आमची लेक कयल शेजारी खेळायला गेली होती. मी दार लावलं आणि सरळ विचारलं, "चोळी कोणाला दिलीत?"

आधी म्हणाले, "कसली चोळी?" मग माझं तोंड बघितलं आणि खाली बसले. ढसाढसा रडले. एवढा धिप्पाड माणूस, लहान पोरासारखा. म्हणाले, "अप्पांनी सांगितलं होतं तसं सांगायला. मी तिला बघितलंच नाही ग. मला म्हणाले, तिरुप्पूरला पाठवलीय, तू पत्ता विचारू नको. चोळी आईजवळ दिली. मला वाटलं, असेल तिकडेच कुठेतरी. मी विचारलं नाही. भ्यालो, वडिवु."

मी खूप बोलले. नामर्द म्हटलं. देवळात जाऊन नारळ फोडता आणि सख्ख्या बहिणीचा पत्ता विचारता येत नाही? ते मान खाली घालून ऐकत राहिले. दुसरा असता तर हात उचलला असता. यांनी माझा कापलेला हात धरला, चिंधी बदलली.

म्हणाले, "घाई करू नको. मी बघतो काय करायचं ते. कयलचा विचार कर."

कयल नऊ वर्षांची आहे. डोळे सोर्णमचे आहेत. करतेय ना विचार. तोच तर करतेय!

मामांनी आज दोनदा भात मागून घेतला. घास उतरतो कसा ह्या माणसाच्या घशाखाली? वाढताना वाटलं, सांबाराचं भांडं डोक्यावर ओतावं.

२६ जुलै, मंगळवार

तालुक्याला अस्तर आणायला जाते सांगून गेले आणि पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागे बसलेल्याने गावाचं नाव विचारलं, सासऱ्याचं नाव विचारलं, मग खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मी समजले. आमच्याच लोकांतला.

"तायी, मुलगी बेपत्ता असेल तर तिच्या बापाने तक्रार द्यायला पाहिजे."

बापाने! दूध कोणी प्यालं म्हणून मांजराला विचारायचं!

"आणि प्रेत कुठाय? नाही ना? मग मेली कशावरून? परकर-पोलक्यावरून?" हसला. "घरातल्या गोष्टी घरात बऱ्या. तुम्हाला पण मुलगी आहे म्हणता ना?"

सगळे माझ्या मुलीचं नाव काढतात. सगळ्यांना तिची काळजी.

लूर्दम्माला मागच्या दारात बोलावून सांगितलं. तिने पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, "मला माहीत होतं, अम्मा. पोराचा फोन ती उचलणार नाही असं होईल का? पण आम्ही कोणाला सांगायचं? आमचं कोण ऐकतं?" मी तिला ओट्यावर बस म्हटलं. नाही बसली. "आज बसेन, उद्या माझं घर जळेल," म्हणाली. खरंच आहे. माझा राग मला परवडतो, तिला परवडत नाही.

२७ जुलै, बुधवार

डायरेक्टरला रडणाऱ्या बायका पसंत नाहीत! शहरातून आणल्या होत्या, लिपस्टिक पुसून. हीरॉईनच्या प्रेताभोवती ओप्पारी गायची तर रेडिओसारखं गायल्या. डायरेक्टर कपाळ धरून बसला.

तेव्हा मामा काय म्हणाले? "आमच्या सुनेला सांगा. तिच्या आजीला गावोगावी ओप्पारीला न्यायचे. रक्तात आहे तिच्या."

छाती फुगवून म्हणाले. मी मान डोलावली. म्हटलं, गाते की.

२८ जुलै, गुरुवार. आडीची अमावास्या

झालं. बोलले. सगळं बोलले.

ओप्पारी गाणाऱ्या बाईला मध्ये अडवत नाहीत. सासूचं काढा, दिराचं काढा, पंचाचं काढा, तोंडावर काढा. घरची बाई पाण्याचा तांब्या आणून देईल तेव्हाच थांबायचं, आणि बोललेल्याचा जाब नंतर विचारायचा नाही. विचारला तर मेलेलं माणूस उठतं. माझी आजी म्हणायची, बाईला जन्मभर गप्प बसवतात आणि मढ्याजवळ तेवढं बोलू देतात, म्हणून मढं निघालं की बायका धावत जातात.

अंगणात मांडव. हीरॉईन पांढरी पावडर लावून, डोळे मिटून. गाव लोटलेला. मामा पुढे खुर्चीवर. हे लॉरीला टेकून, कयल यांच्या खांद्यावर. आत्या दारात, हातात तांब्या, कारण घरची बाई तीच. कॉलनीची माणसं गोठ्याच्या भिंतीपलीकडे उभी.

"ऍक्शन" म्हणाले. मी केस सोडले. छातीवर हात मारला आणि सुरू केलं:

माझ्या सोर्णमबाई ग, कोण्या वाटेनं गेलीस,
तिरुप्पूरच्या बसला ग, तू चढलीच नाहीस.
दिवाळीची चोळी ग, मी बसून शिवली,
अंगाला लागली नाही ग, पेटीत ठेवली.
जातीची अब्रू ग, हिच्या वेणीला बांधली,
वेणीच ओढून ग, हिची मान मोडली.
बाप म्हणू का वैरी ग, सुडलैमुत्तु नाव,
लेकीला गिळून ग, जेवला सारा गाव.

आणखी खूप गायले. दुकान फोडणाऱ्यांची नावं घेतली. ठाण्यातल्या खुर्चीवाल्याचं घेतलं. पेच्चीचंही घेतलं, तिच्यासाठी तरी कोण रडलं होतं? नवऱ्याला सोडून ह्या गावातल्या प्रत्येकाचं नाव घेतलं असेन. भिंतीपलीकडून लूर्दम्माने सूर उचलला, मग तिकडच्या सगळ्या बायकांनी. आमच्याकडच्या बायका खाली बघत होत्या. मग त्यातल्याही दोघी रडायला लागल्या. कोणी अडवलं नाही. आत्या तांब्या घेऊन उभीच राहिली. पाणी दिलंच नाही. आवाज बसला तेव्हा मीच थांबले.

आणि डायरेक्टर टाळ्या वाजवत आला! "कट! अक्का, काय दिलंत! एका टेकमध्ये! फक्त ते सोर्णमचं नाव काढून आपण हीरॉईनचं घालू. आणि जातीची ओळ कापावी लागेल, सेन्सॉरवाले भांडतात."

मी त्याच्या पायाशी थुंकले. होय, थुंकले. माझी नणंद मेलीय आणि हा टेक मोजतोय. कॅमेऱ्यात सगळं आहे, तो कापो नाहीतर काही करो. गावाने ऐकलं, ते कोण कापणार?

मामा उठले. मला वाटलं होतं अंगावर येतील. ते माझ्याकडे बघतही नव्हते, यांच्याकडे बघत होते. मुलगा कोणाच्या बाजूचा ते बघत असणार. बघा! यांनी कयलला खाली ठेवलं, गर्दीतून सरळ माझ्याकडे आले, सगळ्यांदेखत माझा हात धरला आणि घरात घेऊन गेले. म्हणाले, "झालं ना मन मोकळं? आता गप्प बस."

आज बारा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, माझं माणूस आहे ह्या घरात.

२९ जुलै, शुक्रवार

व्हॅन गेल्या. मामा खोलीतून बाहेर आले नाहीत. जेवले नाहीत. बरं झालं, उपाशी राहा.

३० जुलै, शनिवार

मशीनवर बसले होते. आत्या आली, जमिनीवर माझ्या पायाशी बसली.

म्हणाली, "तू चुकीचं नाव घेतलंस, पोरी. तुझे मामा त्या दिवशी बाजाराला गेले होते, बैल घेऊन. आले तेव्हा सगळं झालं होतं. त्यांनी फक्त खड्डा खणला. आणि मी दिवा धरला."

"मग कोणी?"

"ते नाव तुझ्या तोंडी यायचं नाही," म्हणाली आणि अंगणात बघत राहिली.

अंगणात तो कयलला सायकल शिकवतोय. तिची वेणी पाठीवर उडतेय. मागून सीट धरून धावतोय, हसतोय.

इसक्कीपांडी.

लिहिलं. कयलला आधी आत बोलावते. मग मोठ्याने म्हणते.